डब्यावरचं वर्तुळ

धाकटी बाबांच्या पायावर चहा ओतत होती.

थोरली सुट्टी म्हणून सहज भेटायला आली होती. दारातच तिचे पाय थबकले. बाबा खुर्चीत बसलेले, उजवा पाय टबात, अंगठ्यावरची पट्टी सोडलेली. धाकटी भांड्यातून गार झालेला हिरवट चहा त्या अंगठ्यावर हळूहळू सोडत होती. खोलीत वास येत होता आणि तो चहाचा नव्हता.

"हे काय चाललंय?"

"जखम धुतेय. ग्रीन टीनं. शिवाय सकाळ-संध्याकाळ पोटातूनही देते."

"आणि गोळ्या?"

"गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडत होतं. बंद केल्या."

"अगं, आता दुखतसुद्धा नाही बघ," बाबा हसून म्हणाले.

बाबांना जुना मधुमेह. असल्या पायाचं दुखणं थांबतं, ते जखम भरते म्हणून नव्हे, नसा बधिर होतात म्हणून. ती खाली वाकली. अंगठा काळपट पडला होता.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी म्हणजे? तूच!" धाकटीनं फडताळातून चकचकीत डबा काढून तिच्या हातात दिला. "तुमच्याच प्रयोगशाळेचं नाव आहे यावर. म्हटलं, ताईनं तपासलंय, मग आपण शंका कशाला घ्यायची?"

डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'जंतूंचा नायनाट, प्रयोगशाळेत सिद्ध'. खाली फोटो होता. जंतू वाढवलेली काचेची बशी आणि तिच्यात एक रुंद, स्वच्छ वर्तुळ. थोरलीनं फोटो निरखला. कडेला पेनानं लिहिलेलं एक अक्षर अर्धवट कापलं गेलं होतं. अक्षर तिचं होतं, बशीही तिचीच.

पण ते वर्तुळ चहाचं नव्हतं.

चाचणी तिनेच केली होती. पाच प्रकारचे ग्रीन टी होते. बारीक पूड, गोळीसारखी वळलेली पानं, भाजलेली पानं, पिशव्यांमधला भुगा आणि या कंपनीचा महागडा डबा. बशीतल्या जेलीवर जंतू पसरायचे, चहात भिजवलेल्या कागदी टिकल्या त्यावर ठेवायच्या आणि उबेत ठेवून द्यायचं. टिकलीभोवती जंतू मेले की तिथे स्वच्छ वर्तुळ उमटतं. पितो तसल्या चहानं एकाही बशीत वर्तुळ उमटलं नाही. डांबरासारखा आटवल्यावर पानांच्या चहांच्या टिकल्यांभोवती जेमतेम बारीकशी कड उमटली, त्यातही साधी भाजलेली पानं या डब्यापेक्षा बरी ठरली. तुलनेसाठी प्रत्येक बशीत एक टिकली औषधाची होती, दवाखान्यात देतात त्या प्रतिजैविकाची. भलंमोठं वर्तुळ तिच्याभोवती होतं. कंपनीनं बाकीची बशी कापून नेमकं तेवढंच छापलं होतं. बाबांच्या बंद केलेल्या गोळ्या त्याच औषधाच्या होत्या.

"टॅक्सी बोलाव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

सर्जननं पाय पाहिला आणि आढेवेढे घेतले नाहीत. "अंगठा काढावा लागेल. आणखी थांबला असतात तर पाऊल गेलं असतं."

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. "तुला माहीत होतं चहानं काही होत नाही म्हणून. घरात एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तू डॉक्टरांना विचारलंस? मला एक फोन केलास?"

"फोन कशाला करू? तुमचं नाव छापलेलं होतं ना!"

थोरलीनं हातातला डबा पिशवीत कोंबला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन थेट संचालकांच्या खोलीत शिरली आणि तो त्यांच्या टेबलावर आदळला. पेनं उडाली.

"हा फोटो यांना कुणी दिला?"

"बसा, मॅडम. पाणी घ्या."

"पाणी नको. हे वर्तुळ औषधाचं आहे."

"बरोबर. मग ते चहाचं आहे असं कुठे लिहिलंय त्यांनी?" संचालकांनी चष्मा पुसला. "बशी आपली, वर्तुळ खरं. बाकी लोक काय समजतात ते आपल्या हातात नसतं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा माणूस एके काळी नव्या मुलांना शिकवायचा, की तुलनेच्या टिकलीशिवाय चाचणी म्हणजे थाप.

"माझ्या वडिलांचा अंगठा कापतायत आज."

संचालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "वाईट झालं. पण गोळ्या बंद करा असं डब्यावर तरी कुठे आहे? आणि हे पाहा, परवा त्यांच्या विक्रेत्यांचा मेळावा आहे. ज्यांनी तपासलं त्या बाईंना पाठवा म्हणालेत. दोन शब्द गोड बोला. पुढचं टूथपेस्टचं काम आपल्यालाच मिळतंय."

"जाते," थोरली म्हणाली. त्यांना वाटलं, बाई नरमली.

तिनं डब्यावर लिहिलंय तस्साच चहा केला, चमचाभर पानं, कपभर पाणी. त्यात टिकल्या भिजवून जंतू पसरलेल्या नव्या बशीत ठेवल्या, शेजारी औषधाची एक. बशी बंद करून चिकटपट्टी लावली आणि उबेच्या कपाटात ठेवली.

मेळाव्याचा हॉल गच्च भरला होता. भिंतीवर तोच फोटो, माणसापेक्षा मोठा. कंपनीच्या विक्रीप्रमुखानं "आमच्या शास्त्रज्ञ ताई" म्हणून तिला मंचावर बोलावलं. टाळ्या पडल्या. तिनं पिशवीतून बशी काढून वर धरली.

"हा तुमचा चहा. परवा केलेला. या टिकल्यांभोवती काय दिसतंय? जंतू. अगदी मजेत. आणि ही कडेची टिकली दिसते ना, जिच्याभोवती स्वच्छ आहे? ती औषधाची. भिंतीवर तिचाच फोटो लावलाय."

"माइक बंद करा," विक्रीप्रमुख दातओठ खात पुटपुटला. माइक बंद झाला. ती ओरडून बोलू लागली.

"आजारी माणसाला औषधाचं चित्र दाखवून तुम्ही चहा विकलात! माझे वडील दवाखान्यात पडलेत. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी अजून किती जणांनी गोळ्या सोडल्या, सांगा!"

खालच्या रांगेतून एक दुकानदारीण उठली, आवाज चढलेला. "बाई, आता आम्ही गिऱ्हाइकाला काय सांगायचं मग?"

"चहा आहे म्हणून सांगा. चवीला बरा आहे."

कुणीतरी हसलं. कुणी शिवी दिली, ती कुणाला ते कळलं नाही. दोन माणसांनी तिला दंडाला धरून मंचावरून उतरवलं. बशी तिनं सोडली नाही.

संध्याकाळी संचालकांनी तिला कामावरून काढलं. "घरच्या रागापायी प्रयोगशाळा बुडवलीत," ते म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा. पण त्या आठवड्यात बऱ्याच दुकानांनी डबे परत पाठवले, मेळाव्यातलं तिचं ओरडणं मोबाइलवरून गावभर झालं, आणि कंपनीनं फोटो काढून टाकला. माफी मात्र कुणी मागितली नाही.

बाबा घरी आले. धाकटी आता गोळ्या वेळेवर द्यायची, पट्टी बदलायची, पण बहिणीशी अवाक्षर बोलायची नाही. थोरलीही रोज यायची आणि खिडकीशी तोंड फिरवून बसायची. काही हवं असलं की दोघी बाबांमार्फत निरोप धाडायच्या.

"तिला सांगा, कापूस संपलाय."

"तिला सांगा, दिसतंय मला."

एका दुपारी बाबा भडकले. जन्मात कधी आवाज न चढवणारा माणूस, पण काठी जमिनीवर आपटून म्हणाला, "अंगठा माझा गेलाय! रुसायचं ते मी, आणि तोंडं फुगवून बसल्यात तुम्ही दोघी! लाज नाही वाटत?"

बाबांनी काठी बाजूला भिरकावली.

"मला संडासला जायचंय. धरा दोन्हीकडून."

थोरलीनं डावा हात धरला, धाकटीनं उजवा. बाबा मध्ये लंगडत, पुटपुटत, एकेकीचा उद्धार करत चालले होते. बोलणं दोघींचं अजूनही नव्हतं. पण बाबांचा तोल जरा धाकटीच्या बाजूला गेला, तेव्हा "सांभाळ," असं थोरली म्हणाली, आणि धाकटी "हो, धरलंय," म्हणाली, रागातच.