एकही उतारू नाही

इंद्रभानने पुंजाजीच्या कढईतला झारा उचलला, हॉटेलच्या बाकावर एक पाय दुमडून बसला आणि वल्हं मारायला लागला. झाऱ्यावरून गळणारं तेल शेजारच्या कडूबाच्या धोतरावर पडलं, पण इंद्रभानचं तिकडे लक्ष नव्हतं.

"असा," तो म्हणाला. "असा थो नाव नेते. नदीवर पूल झाला, समदे लोकं पुलावरून जाऊन राह्यले. नावेत एकही उतारू नाई. तरी थो शेवटची खेप मारते. बोलत नाई, रडत नाई. तिथंच पिक्चर खतम."

कडूबाने धोतरावरचा डाग अंगठ्याने चोळून पाहिला.

"उतारूच नाई, त नाव काहाले नेते?"

इंद्रभानने झारा कढईत टाकला आणि कपाळाला हात लावला. ही गोष्ट त्याने या बाकावर किती वेळा सांगितली याचा हिशेब पुंजाजीनेही सोडून दिला होता. त्याला एवढंच कळत होतं की जपानचं नाव निघालं की घाण्यातली भजी करपतात.

सोनाळ्यात सिनेमाचे शौकीन कमी नव्हते. वरवटला तंबू टॉकीज लागली की भगवंतरावांचा छकडा भरून निघायचा. भगवंतराव जमीनदार माणूस, पण सिनेमापुढे त्यांना कापूस दिसत नसे. कडूबाचा वांग्याचा मळा होता आणि गाणी सगळी पाठ. खेळ पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुंजाजीच्या हॉटेलात ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, गाण्यांसकट, मारामारीसकट, ही तिथली रीत होती. सांगण्यात इंद्रभानचा हात कोणी धरत नसे. तो उठून उभा राहिला की लोक चहा विसरायचे. आणि त्याच इंद्रभानला आता कोणी ऐकून घेईना.

सगळं बिघडलं ते नागपुरात. मेहुण्याच्या, म्हणजे रामरावच्या मुलीचं बारसं होतं. आत त्याची बायको अन्नपूर्णा आणि तिची भावजय पुरणाला लागल्या होत्या, बाहेर पुरुषांना काही उद्योग नव्हता. रामराव तिथल्या एका फिल्म क्लबात जायचा, तो इंद्रभानला बरोबर घेऊन गेला. जपानी सिनेमा. नाच नाही, मारामारी नाही, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. नदीवरचा एक नावाडी दिवसभर उतारूंशी बोलतो, हसतो, या काठाची खबर त्या काठाला पोचवतो. मग पूल बांधायला घेतात. पूल पुरा होतो. बस, एवढंच. घरी त्याची बायको असते, पण ते इंद्रभान कधी सांगत नसे. त्या घरात सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

बाहेर पडल्यावर इंद्रभानला रस्ता नीट दिसेना. इतकी वर्षं आपण सिनेमा पाहत होतो म्हणजे नेमकं काय पाहत होतो, असं त्याला झालं. रामरावशी बोलावं म्हटलं तर रामराव म्हणाला, "बरा होता," आणि पानाच्या ठेल्याकडे वळला. तेव्हापासून इंद्रभानच्या पोटात ती गोष्ट अडकून होती. आणखी एकाने तरी ती पाहावी, आणि मग दोघांनी बसून तिच्याबद्दल बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढंसुद्धा जमत नव्हतं.

त्यातून भाताची भानगड. सरकारी फिरती गाडी मागे एकदा गावात येऊन जपानी पद्धतीच्या भातशेतीची फिल्म दाखवून गेली होती. चिखलात दोऱ्या लावून रोपं कशी लावायची, खुरपणी कशी करायची. सोनाळ्यात ज्वारी आणि कापूस. भात पाहायचा तर पंगतीत. लोकांनी ती फिल्म तोंडात बोट घालून पाहिली आणि जपानी पिक्चर म्हणजे भात हे कायमचं मनात धरलं. इंद्रभान कुणालाही गाठून सांगायला लागला की समोरचा मान डोलवायचा.

"पाह्यला ना बाप्पा. रोपं लावते थोच ना?"

तो नव्हे, हा वेगळा, यात नदी आहे, असं सांगता सांगता इंद्रभानचा घसा सुकायचा. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, हो, भाताला पाणी लागतंच. भगवंतरावांनी तर एकदा मोठ्या आपुलकीने विचारलं की आपल्या काळ्या जमिनीत ते वाण येईल का. त्या दिवशी इंद्रभान चहा न पिताच उठला.

शेवटी तो हट्टाला पेटला. रामरावला पत्रांवर पत्रं घातली, क्लबाकडून त्या सिनेमाची पेटी मिळवली. सरकारी गाडी तूर काढणीच्या सुमारास हायब्रीड ज्वारीची फिल्म घेऊन येणार होती, तिच्या ऑपरेटरच्या हातापाया पडून ज्वारीनंतर आपला सिनेमा लावायचं कबूल करून घेतलं. बदल्यात कडूबाकडची पोतंभर वांगी आणि आपल्या मळ्यातली मेथी. घरोघर जाऊन सांगितलं. कडूबाला शपथ घातली. भगवंतरावांना खुर्ची देतो म्हणाला. घरात मात्र अन्नपूर्णेला एवढंच सांगितलं की उद्या जेवायला उशीर होईल, भाकरी झाकून ठेव.

दिवस मावळला तसं बाजाराच्या मैदानात दोन बांबूंवर पांढरं कापड ताणलं गेलं. पुढच्या बाजूला, गाडीकडे, पुरुष बसले. पडद्याच्या मागच्या बाजूला बायका आणि पोरं. गावात फिल्म आली की बसणं असंच असायचं. मागून चित्र उलटं दिसतं, उजव्याचं डावं होतं, पण त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नव्हती आणि कुणी विचारलंही नव्हतं.

ज्वारी संपली. इंद्रभानने गाडीचा भोंगा हातात घेतला आणि घसा साफ केला. पडद्यावर नदी आली, धुकं आलं, लांबून एक नाव येताना दिसली. ती येतच राहिली. इंद्रभानने भोंगा तोंडाशी नेला. तेवढ्यात नदीपलीकडे हिरवी खाचरं दिसली आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,

"आला बे भात."

सगळं मैदान हसलं. हसणं ओसरेपर्यंत नावाडी काठाला लागून पुन्हा निघाला होता. इंद्रभान भोंग्यातून समजावून सांगायला लागला. बघा, हा आता त्या म्हातारीला तिच्या लेकीची खबर सांगतो आहे. बघा, त्या काठावर पुलाचा पहिला खांब. पण तो सांगेल तेवढं लोकांना कमीच वाटायचं. नायिका कुठे आहे? गाणं कधी आहे? तो म्हातारा नुसता चहा काय पितो? इंद्रभानने चिडून भोंगा खाली ठेवला, मग राहवेना म्हणून परत उचलला. पहिलं रीळ बदलताना दिवा लागला तेव्हा निम्मे लोक उठले होते. दुसऱ्याच्या वेळी भगवंतराव जांभई आवरत उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो मस्त काढेल हायेत," ते म्हणाले. "पर मानसाईले कामधंदे असतात, इंद्रभान."

कडूबा शपथ पाळून शेवटपर्यंत थांबला. जमिनीवर उपरणं अंथरून, तोंड उघडं टाकून तो थांबला होता. नाव शेवटच्या खेपेला निघाली तेव्हा इंद्रभानने त्याला ढोसलं. कडूबा दचकून उठला आणि पूल झाला का म्हणाला. पडदा पांढरा झाला. मैदानात एक खुर्ची, एक उपरणं आणि शेंगांची टरफलं उरली होती. इंद्रभानने पेटी उचलली, घरी आला, झाकलेली भाकरी तशीच ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी मळ्यात मेथी उपटताना त्याची चिडचिड हातांतून बाहेर पडत होती. मुळांची माती तो झटकत नव्हता, आपटत होता. समोर बसून अन्नपूर्णा जुड्या बांधत होती. ती पहिल्यापासून कमी बोलणारी, निदान इंद्रभानचा तरी तसा समज होता. तो आपला एकट्यानेच बडबडत होता. या गावाला नाचणाऱ्या बायाच पाहिजेत. यांना सिनेमा दाखवण्यापेक्षा बैलांना दाखवलेला बरा. उद्या मरेन, पण पुंजाजीच्या बाकावर पुन्हा तोंड उघडणार नाही.

"थे बाई डावखुरी होती काय हो?" अन्नपूर्णेने विचारलं.

"कोनती बाई?"

"नावाड्याची. चहा वाढे त डाव्या हातानं, दिवा लावे त डाव्या हातानं. म्या म्हनलं, तिकडं रीतच हाये का काय अशी."

"डावखुरी नाई आन काई नाई," इंद्रभान वैतागून म्हणाला. "उजव्या हातानंच त..."

तो थांबला. हातातली मेथी तशीच राहिली. डाव्या हाताने वाढणारी बाई पाहायची तर पडद्याच्या मागे बसावं लागतं.

"तू आल्ती?"

"आल्ती ना. भाकऱ्या झाकल्या आन आली. बाकीच्या बाया पोरं रडाले लागले तश्या गेल्या. मी बसली." तिने जुडीला वाखाची गाठ मारली. "तुमचा भोंगा काई समजे नाई तिकडं. बरंच झालं."

सगळ्या गावात एक माणूस शोधत इंद्रभान फिरला होता. त्याने घाईघाईने मेथी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि पुंजाजीच्या बाकावर सरसावून बसावं तसा बांधावर सरसावून बसला. शेवट कसा वाटला, त्याने विचारलं. तिने उत्तर देण्याआधी स्वतःच सांगायला लागला. ती शेवटची खेप, सगळे लोक पुलावर, आणि नावेत एकही उतारू नाही, तरी तो माणूस...

"काऊन नाई?" अन्नपूर्णा म्हणाली. "थे बसेल होती ना नावेत."

"कोन?"

"थेच. त्याची बायको. जनमभर खिडकीतून आयकत होती, नावेत बसून थो लोकाइसंगं कसा हासते. घरी आला का मुका. पूल झाला, कोनीच नाई उरलं, तवा त्यानं तिले बसवलं. तिनं पह्यल्यांदा पलीकडचा काठ पाह्यला. मले त तिथंच रडू आलं."

इंद्रभानच्या डोळ्यांसमोर नाव आली. नावेच्या टोकाशी, पाठ करून, पदरासारखं काहीतरी डोक्यावर घेतलेली एक बाई बसलेली होती. नागपुरात होती, काल रात्रीही होती.

"थे त बायको त्याची," तो म्हणाला. "उतारू नव्हे."

ते तोंडातून गेलं आणि मग त्याला ऐकू आलं. अन्नपूर्णेने पुढची मेथी ओढून घेतली, मुळं सारखी केली, वाख गुंडाळला. इंद्रभानला तिला आणखी खूप विचारायचं होतं. त्या खिडकीबद्दल, ती चहा वाढून बाजूला बसायची त्याबद्दल. नागपुरात बारशाच्या दिवशी आपण परत आलो तेव्हा हिने आपल्याला, काय पाहिलं, म्हणून विचारलं होतं का, हे तो आठवत बसला. विचारलं होतं. काही नाही, असं त्याने सांगितलं होतं.

बांधावरून कडूबाची हाक आली. कालच्या झोपेची लाज वाटून तो जरा जास्तच मोठ्याने बोलत होता. वरवटला तंबू लागला आहे, नवा हिंदी सिनेमा, मारामारी भरपूर, भगवंतरावांचा छकडा उद्या दुपारी निघणार.

"तुमची जागा ठेवेल हाये," कडूबा म्हणाला. "राग धरू नका बाप्पा."

"जागा नको ठेवू," इंद्रभान म्हणाला. "मी माही गाडी जुंपतो."

"छकड्यात जागा हाये ना. एकट्यासाठी बैलं काहाले हिंडवता तितके कोस?"

इंद्रभानने खाली वाकून मेथीची मूठ उचलली आणि या वेळी माती हलक्या हाताने झटकली. उत्तर त्याला सुचत होतं, पण बायकोदेखत कडूबाला ते सांगणं जिवावर आलं होतं. कडूबा वाट पाहत उभा राहिला.

अन्नपूर्णेने बांधलेली जुडी टोपलीत ठेवली.

"बैलाईले कडबा घ्या लागन संगं," ती म्हणाली.