वर्षाच्या वाट्याचा बर्फ

"घरात झुरळं आहेत का?" वर्षाच्या पाठीवरची नळी काढत डॉक्टरांनी विचारलं.

"झुरळं? आमच्यात?" शिवम्मा ताडकन उभी राहिली. "दोन टाइम फरशी पुसते मी! आमच्या घरात मुंगीबी न्हाई."

मी वर्षाच्या फ्रॉकची बटणं लावत बसलो. नवरा झालो म्हणून काय, परळीच्या भर दवाखान्यात बायकोला खोटं पाडू? शिवाय मागच्या बाकावर आमच्या घरमालकीण चंद्रभागाबाई कान टवकारून बसलेल्या.

झुरळांच्या घाणीनंही पोरांचा दमा उसळतो, असं डॉक्टर सांगत होते. शिवम्मा ऐकेल तर शपथ! सगळा दोष बर्फाचा, असं तिनं त्यांनाच ऐकवलं. गल्लीतला पहिला फ्रीज आमचा. येणाऱ्याला दिसावा म्हणून पुढच्या खोलीत ठेवलेला, वर क्रोशाचं कव्हर. शेजारची पोरं वाट्या घेऊन बर्फ न्यायला यायची. आमच्या वर्षाला मात्र कोमट पाणी. तिनं फ्रीजला हात लावला तरी आई डोळे वटारायची. पोर बिचारी लांबून बघायची आणि निजायची मात्र त्याच फ्रीजला खेटून.

त्या संध्याकाळी तिला पुन्हा धाप लागली. छातीत घरघर, बरगड्या आत ओढलेल्या. औषध दिल्यावर कुठं तिचा डोळा लागला. शिवम्मा नुसती बघत बसली होती. मग एकदम पदर खोचून उठली.

"तिला आत निजवा. अन् ह्यो फ्रीज वढू लागा."

फ्रीज पुढं ओढला आणि मागच्या गरम जाळीतून झुरळं भिंतभर पांगली. बाप रे! मी झाडू घेऊन आलो, तर ही खाली बसलेली.

"डाक्टरला खोटं बोलले हो मी," ती म्हणाली. "पोरीला दम घेता येईना, अन् मला लाज वाटायलीय लोकांची!"

दुसऱ्या दिवशी दवाखाना तसाच भरलेला. चंद्रभागाबाईही होत्या. शिवम्मा दारातूनच मोठ्यानं बोलली, "डाक्टर, आमच्या घरात झुरळं हायत. लई हायत."

बाकावरच्या माना वळल्या. मला बायकोचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

"मग ती घालवा, भिंतीच्या भेगा बुजवा," डॉक्टर म्हणाले. "आणि बर्फाला उगाच बोल लावू नका."

घरी आल्या आल्या शिवम्मानं बर्फाचा खडा वर्षाच्या तळहातावर ठेवला.

"खा गं माय."

वर्षानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. खडा ओठांपर्यंत नेला आणि परत खाली घेतला. बर्फाचं पाणी होऊन कोपरापर्यंत ओघळलं, तरी ती हात तसाच धरून बसली होती.