चावरी

बालवर्गाच्या बाईंना राग येत नाही, असं शाळेत सगळे म्हणत. त्या सकाळपर्यंत ते खरंही होतं.

पिटुकली पुन्हा चावली होती. चार वर्षांचीही नसलेली पोर, पण पाण्याच्या रांगेत पुढच्या मुलाच्या दंडावर तिने दातांचे वण उठवले होते. त्या मुलाचे वडील वकील. ते दारात उभे राहून मोठ्या बाईंना म्हणजे मुख्याध्यापिकेला सांगत होते, "ही चावरी उद्या इथे दिसता कामा नये."

पिटुकलीच्या आईला बोलावणं गेलं. ती शिवणकामाच्या दुकानातून तशीच आली, गळ्यात मापाची टेप. काही विचारायच्या आत तिने सगळ्यांदेखत लेकीच्या थोबाडीत दिली.

बाईंनी आईचा हात धरला. "माझ्या वर्गात हे चालणार नाही."

"मग काय करू? डोक्यावर घेऊन नाचू?" आई म्हणाली.

पिटुकली रडली नाही. कोणी सांगितलंही नव्हतं, तरी ती कोपऱ्यातल्या शिक्षेच्या खुर्चीकडे चालत गेली, चढून बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे आवळलेले खांदे हळूहळू खाली आले.

बाई बघतच राहिल्या. पोर शिक्षा भोगत नव्हती, विसावली होती. साऱ्या वर्गात तिला कोणी ढकलत नव्हतं अशी जागा ती एकच. आणि आजवर चावली ती कुठे? खेळण्यांच्या कपाटापाशी, चपलांपाशी, पाण्यापाशी. जिथे जिथे चेंगराचेंगरी, तिथे तिथे. दोन तुकड्या एका खोलीत कोंबल्यापासूनच हे सुरू झालं होतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोठ्या बाई, हिला काढून काही होणार नाही. आमची दुसरी खोली परत द्या."

"तो विषय झालाय. तिथे आता स्वागतकक्ष आहे."

"सोफा आणि मासे आहेत. इथे मुलांना पाय ठेवायला जागा नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला."

"बाई, तोंड सांभाळून."

"किती महिने सांभाळू?"

वकील मध्ये पडले. "तुमची भांडणं नंतर. माझ्या मुलाचं काय?"

"तुम्ही जरा आत येऊन उभे राहा," बाई म्हणाल्या. "पाणी पिऊन होईपर्यंत."

ते तणतणत आत गेले. मुलांचा लोंढा माठाकडे निघाला. कोणी त्यांच्या पायावर पाय दिला, कोणाचं ओलं भांडं त्यांच्या विजारीला लागलं. एक मुलगी मागून आदळली, तसं त्यांनी तिला गुडघ्याने बाजूला सारलं. मग ते थबकले. बाई त्यांच्याकडेच पाहत होत्या.

बाहेर येऊन त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, "प्रवेश घेताना आम्हाला दोन खोल्या दाखवल्या होत्या ना?"

आता त्यांचा आवाज मोठ्या बाईंवर चढला. दुपारी सोफा बोळात आला.

बाईंना आनंद झाला नाही. हेच त्या महिनोन्महिने सांगत होत्या, पण बाईचं बोलणं म्हणजे कुरकुर आणि वकिलाचं बोलणं म्हणजे तक्रार. शाळेच्या मावशींबरोबर त्यांनी सतरंज्या ओढल्या. शिक्षेची खुर्ची त्यांनी स्वतः अडगळीत टाकली आणि परत मिळालेल्या खोलीच्या एका कोपऱ्यात पडदा लावला. ज्याला गोंगाट नको, त्याने खुशाल तिथे जाऊन बसावं.

पिटुकली काही लगेच सुधारली नाही. त्याच आठवड्यात ती बाईंच्या मनगटाला चावली. पण मग चावायच्या आधीच पडद्यामागे जायला लागली.

एकदा शाळा सुटल्यावर बाईंनी तिच्या आईला थांबवलं. "घरी मारू नका हिला. गर्दी झाली की हिचा जीव घुसमटतो."

आई खाली बघून म्हणाली, "घरीही एकच खोली आहे बाई. माणसं सात."

बाईंच्या मनात अजून राग होता, पण तो आता कोणावर काढायचा ते कळेना. मावशी कुलूप लावायला निघाल्या होत्या, त्यांना बाईंनी थांबवलं आणि मायलेकींना रिकाम्या खोलीत बसू दिलं. मोठ्या बाई दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"शाळा सुटलीय ना?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि दार अडवून उभ्या राहिल्या.