फळ्याच्या खालच्या ओळी

सनीने त्या अनोळखी माणसाची कॉलर धरली, तेव्हा भीमराजकाका वाचनालयाच्या पायरीवर पेपर लावत बसले होते. भोसरीच्या त्या चौकात सकाळी पहिल्या पाळीची माणसं कंपनीच्या बसची वाट बघतात. बघता बघता ती सगळी त्या माणसाभोवती गोळा झाली. त्याने काय केलं होतं? चौकातच राहणाऱ्या सोजरबाईंची नात रडत होती, म्हणून तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला होता.

"पोरं पळवणारा हाय ह्यो," सनी म्हणाला. "फळ्यावर लिवलंय की. काका काय खोटं लिवतील व्हय?"

काकांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

सगळं आयुष्य त्यांनी कारखान्यात लेथ मशीनवर काढलं होतं. सभेत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयाचा हा फळा धरला. सांगायचं ते खडूने सांगायचं. मुलं पळवणाऱ्या टोळीचा निरोप दोन दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. आज पहाटे त्यांनी वर लाल खडूने ठसठशीत मथळा काढला, 'मुले पळवणारी टोळी', आणि त्याखाली बारीक पांढऱ्या अक्षरांत समजावून लिहिलं, की ही अफवा आहे, खात्री केल्याशिवाय कुणाला हात लावू नका. वर मथळा, खाली खुलासा, ही पुस्तकं वाचून लागलेली सवय. आणि नेमकी त्या बारीक ओळींना खेटून सनीची मोटरसायकल उभी होती. चौकातून दिसत होता तो फक्त लाल मथळा.

वाचनालयात गर्दीवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांची मतं त्यात होती. एकटा असताना शहाणासुरता असलेला माणूस गर्दीत शिरला की त्याची बुद्धी गळून पडते, मग तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो आणि दुसऱ्याच्या रागाने मारतो. काकांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. ते वाक्य आता समोर जिवंत उभं होतं, आणि त्याला तोंड त्यांच्याच खडूने फोडलं होतं.

पहिली थप्पड बसली. काकांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

ते उठून फळ्याकडे गेले. मोटरसायकल हलवायला गेले तर तिचं हँडल लॉक. मग त्यांनी ओल्या फडक्याने फळा वरपासून पुसायला घेतला.

काका फळा पुसायला लागले की चौक थांबून बघतो, आज काय लिहितात म्हणून. गेल्या कित्येक वर्षांची ती खोड. मागच्या दोघांनी माना वळवल्या, मग आणखी काहींनी. काकांनी घाईने खडू उचलला. त्यांनी अगदी वर, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: कोणाचं मूल हरवलंय?

बससाठी थांबलेल्या दिपाली सिस्टरनी ते मोठ्याने वाचलं. "खरंच, कुणाचं हरवलंय?" त्यांनी विचारलं.

एकाने शेजारच्याला विचारलं, त्याने पुढच्याला.

सोजरबाईंनी नातीला कडेवर घेतलं. "माझी तर हितंच हाय. बिस्कुट खातीया."

कोणीतरी हसलं. माणसांचं कडं सैल झालं.

"सोड रं सनी," सोजरबाई म्हणाल्या. "तोंड बघ त्याचं. रगत न्हाई राह्यलं."

सनीची बोटं हळूहळू सुटली. तो माणूस परभणीकडचा निघाला. मेहुण्याची खोली शोधत होता. "मला बी लेकरू आहे हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पहिल्या पाळीचा दिग्विजय त्याला मेहुण्याच्या गल्लीपर्यंत सोडायला तयार झाला. दिग्विजयही मघाशी त्या कड्यातच होता.

निघण्याआधी काकांनी त्या माणसाला पाणी दिलं. "चूक माझी," ते पुटपुटले. "वरचं मोठं लिहिलं, खालचं बारीक." त्याला काहीच कळलं नाही. त्याने काकांपुढे पिशवीतला दुसरा पुडा धरला. काकांनी एक बिस्किट घेतलं.

दुपारी त्यांनी ते पुस्तक काढलं. पेन्सिलीची रेघ खोडावीशी वाटली, पण धीर झाला नाही. लोक मारायचं थांबले ते खरंच फळा वाचून, की बसची वेळ झाली होती म्हणून? त्यांनी रेघेशेजारी एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या दिवशी काका फळा लिहीत होते, सगळी अक्षरं एकाच आकाराची. सनी आला. त्यांच्याकडे न बघता त्याने फळ्याला खेटलेली मोटरसायकल ढकलत पलीकडे गटाराशी नेऊन लावली. मग परत येऊन फळ्यासमोर उभा राहिला, आणि काकांची शेवटची ओळ पूर्ण होईपर्यंत हलला नाही.