केशरी कार्डावरची तिसरी ओळ

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनं राशन कार्ड आहे, हे खरं. माझ्या घड्या फाटल्यात, पाठीला चिकटपट्टी लावलीय. पण सातासमुद्रापलीकडच्या साहेबानं मला वाचलंय, बरं का! त्याचं नवल माझं मलाच अजून ओसरत नाही.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता केशरी कागद होतो. नावं लिहिल्यावर कार्डात जीव येतो. सव्वीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या जुन्या शहरातले महादेवराव मला भरून घ्यायला आले. पहिली ओळ त्यांची. दुसरी त्यांच्या सहा वर्षांच्या अनुपची. त्याची आई त्याच वर्षी वारली होती. मागे पदर सावरत एक बाई उभी होती, महादेवरावांची धाकटी बहीण मनकर्णा. नवऱ्यानं टाकलं म्हणून ती माहेरी आली होती. लोक म्हणायचे, पोरगी दिल्या घरचीच, इथं किती दिवस राहील?

कारकुनानंही तेच विचारलं, "ही पाव्हणी आहे की घरची?"

"पावनी नाई साहेब, घरचीच हाय," महादेवराव म्हणाले. "लिवा तिचं नाव. अन् जरा ठसठशीत लिवा."

कारकून आधीच वैतागलेला. त्यानं पेन असं दाबलं की मला कळच आली. तिसरी ओळ लिहिली गेली: मनकर्णा, बहीण. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या.

मग काय विचारता! मी कंट्रोलच्या दुकानाच्या रांगेत उभा राहिलो, गहू आणले, साखर आणली, रॉकेल आणलं. त्या गव्हाच्या पोळ्या मनकर्णेनं लाटल्या आणि अनुप वाढला. ताप आला की तो "आत्या" म्हणूनच हाक मारायचा. दर दसऱ्याला मनकर्णा विळी, कात्री आणि मला पाटावर मांडायची आणि ओल्या हळदी-कुंकवाचं बोट लावायची. कागदाची पूजा! माझा ऊर भरून यायचा हो.

अनुप शिकला, दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी युरोपात गेला, तिथलाच नागरिक झाला. पुढे महादेवराव गेले. दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं आणि मी धान्याच्या कोठीमागे पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मनकर्णेनं मात्र दसरा एकदाही चुकवला नाही.

आता ती चौसष्टची. गुडघे धरलेले, घरात दुसरं माणूस नाही. दूध, औषधं, सगळं अनुप पाठवेल त्यावर. तो रोज फोनवर म्हणायचा, "आत्या, तू माह्याजवळ ये." पण तिथल्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको, लेकरं, आईबाप. आत्या त्यात बसत नाही. एकच वाट होती: ती अनुपवर अवलंबून आहे, आणि तो परदेशी जाण्याआधी दोघं एकाच घरात राहत होते, हे कागदावर दाखवायचं.

अनुपचा मित्र अमोल म्हणाला, "आत्याबाई, सरळ आई लिहून टाकू. काम पटकन होते."

मनकर्णा ताडकन म्हणाली, "त्याची माय देवाघरी हाय. तिच्या जागेवर माह्यं नाव? नाई बापा. आत्या ते आत्याच. जमलं तं जाईन, नाई तं इथंच मरीन."

मी कोठीमागून ऐकत होतो. वाटलं, अरे, त्या घराचा पुरावा तर मी आहे!

शेजारची पौर्णिमा अर्ज भरत होती. तिनं मला शोधून काढलं, उघडलं आणि कपाळाला हात लावला. पहिली ओळ स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीवर हळदी-कुंकवाचा जाड थर!

"आत्याबाई, हे काय करून ठेवलं?"

"पूजा केली वो. दादाच्या नावाले बोट कसं लावू? लेकराच्या नावालेई नाई लावलं. माह्यंच होतं, त्याले लावलं."

पौर्णिमेनं ओला कापूस फिरवला तर माझा कागदच सुटू लागला. मनकर्णेनं तिचा हात धरून थांबवला. "मीच माह्यं नाव पुसलं," म्हणाली आणि रडली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मीही रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी दोघी मला पुरवठा कार्यालयात घेऊन गेल्या. तिथल्या रागिणी मॅडमनी कुंकू पाहिलं, हसल्या नाहीत. त्यांनी मला उलटं केलं, खिडकीच्या उन्हात तिरपं धरलं आणि पाठीवरून बोट फिरवलं. त्या वैतागलेल्या कारकुनानं दाबलेलं अक्षर न् अक्षर माझ्या पाठीवर उमटलेलं होतं! मॅडम उलटी अक्षरं जुळवत वाचू लागल्या, "म...न...क...र्णा. बहीण." त्यांनी जुनी नोंदवही काढली. तिच्यातही तेच होतं. नोंदीची नक्कल झाली, वर शिक्का बसला आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या फोटोंसह ती अर्जाला जोडली गेली. ज्याला शिव्या दिल्या त्या कारकुनाचे पाय धरावेसे वाटले मला.

चार महिन्यांनी परवानगीचं पत्र आलं. पौर्णिमा मराठीत सांगू लागली, "अर्जदार बाई याच घरातल्या आहेत, हे आम्हांला मान्य आहे."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मनकर्णेनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं, मग मला छातीशी धरून म्हणाली, "दादानंई हेच सांगतलं होतं."

उद्या आम्ही निघतो. रद्द झालेलं कार्ड कशाला नेता, असं अमोल म्हणाला. तिनं ऐकलं नाही. मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. घरातले जुने कागद रद्दीत टाकण्याआधी एकदा उलटून बघा. आणि तुमच्या घरात कुणी असं असेल, ज्याला लोक पाहुणा समजतात, तर त्याचं नाव जरा दाबून लिहा.