सातव्या भागाचं तिसरं रीळ

गुणाकररावांनी मंडळासाठी पाच नियम केले. चार कोणी कधी फारसे मनावर घेतले नाहीत. पाचवा मात्र त्यांच्याच मागे लागला.

तो वहीच्या पहिल्या पानावर होता, हिरव्या शाईत, खाली त्यांची झोकदार सही: ‘न पाहिलेल्या भागाविषयी जो सभासद पाहिल्यासारखं बोलेल, त्याचं नाव कमी करण्यात येईल.’ जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. असलं वाक्य लिहिताना हाताला जी गोडी लागते, त्या गोडीत त्यांनी ते लिहून टाकलं. आपण हे कोणाविषयी लिहितो आहोत, ते त्या वेळी ध्यानातच आलं नाही.

मंडळ होतं एका विलायती मालिकेच्या चाहत्यांचं. ‘द थर्ड क्लर्क’, साठ वर्षांपूर्वीची, काळी-पांढरी. तिचा नायक मिस्टर पेनरो हा हेर, पण दिसायला साधा कारकून. ना लांबडी मोटार, ना खिशात पिस्तूल. कानामागे पेन्सिल, काखेत फाईल, आणि चेहरा असा की काल पाहिलेल्या माणसाला आज आठवू नये. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात सरकारी टेबलामागे केस पांढरे केलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. कारकून जग वाचवतो ही गोष्ट इथे पटायला वेळ लागत नाही.

नागपूरच्या नातेवाइकांना गुणाकरराव सभासद चाळीस आहेत म्हणून सांगत. होते चार. एक ते स्वतः. दुसरी रूपाली, शाळेत गणित शिकवणारी. वही तिच्या ताब्यात, आणि तिच्या वहीत शाईचा डागसुद्धा परवानगी काढून पडायचा. तिसरी श्रुतिका, गुणाकररावांची नात. मराठी तिला सगळी कळायची, पण तोंड उघडलं की निम्मी हिंदी बाहेर पडायची. चौथा महागू. खाणीतून निवृत्त झालेला हा गडी पंचाहत्तरी उलटली तरी दर रविवारी खाणीच्या गावाहून, भरवेलीहून, सायकल मारत यायचा. इंग्रजीचं त्याला अक्षर येत नव्हतं. तरी चोर कोण ते तो सगळ्यांच्या आधी ओळखायचा, कारण तो बोलणं ऐकत नसे, माणसांचे हातपाय पाहत असे.

रविवारी चार वाजता गुणाकररावांच्या बैठकीत एक भाग पाहायचा आणि लगेच त्याचं परीक्षण दहापैकी गुणांसकट वहीत उतरवायचं. त्यात एक रिवाज होता. भागाचा शेवटचा तुकडा उरला की चित्र थांबवायचं. गुणाकररावांच्या पत्नी सुनंदाबाई चहा आणत. चहा होईस्तोवर प्रत्येकानं शेवट काय होणार ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावायचं, आणि मगच पुढे जायचं. ज्यानं तो भाग आधी पाहिला असेल त्याला चिठ्ठी मिळत नसे. त्यानं नुसता चहा प्यायचा आणि गालात हसायचं.

रिवाज आला होता खाणीच्या क्लबातून. पन्नास वर्षांपूर्वी विलायतेहून परतलेल्या एका इंजिनियर साहेबाला या मालिकेचा नाद. तो कुठूनतरी तिची रिळं मागवायचा आणि पडद्यावर दाखवायचा. भाग एकच यायचा आणि पाहणाऱ्या कॉलन्या दोन. मग पहिल्या कॉलनीत एक रीळ संपलं की ते सायकलवर बांधून जंगलातल्या रस्त्यानं दुसरीकडे जायचं. दुसऱ्या कॉलनीतली माणसं मधल्या वेळात पुढे काय होणार यावर भांडत बसायची. गुणाकरराव बहिणीकडे मुक्काम करून याच दुसऱ्या कॉलनीत पाहायचे. सायकलवर रीळ आणायचा महागू.

आता सातवा भाग. त्यात पेनरो बंदरावरच्या कचेरीत लंगडा कारकून बनून शिरतो. शत्रूला पत्ता लागतो: आत आलेला हेर लंगडा आहे. मग खाली दारात चार माणसं कोटात हात घालून उभी, वरून पाचवा माणूस जिना उतरतो आहे, आणि मध्ये पेनरो, डावा पाय ओढत. इथे दुसरं रीळ संपलं. तिसरं आलंच नाही. लोक तासभर भांडले आणि घरी गेले. महागू हात हलवत आला तो म्हणाला, वाटेत अस्वल आडवं आलं. बालाघाटच्या जंगलात अस्वलाला पुरावा कोण मागतो?

दुसऱ्या दिवशी गुणाकररावांनी कचेरीत शेवट सांगितला.

सांगायला नको होता. पण सगळे टेबलाभोवती जमले, आणि ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द गुणाकररावांच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. पहिल्या खेपेला पेनरो खिडकीतून उडी मारून होडीत पडला. पुढे होडीला इंजिन बसलं. ब्रॉडगेज आली त्या वर्षी तो थेट धावत्या रेल्वेच्या टपावर पडला, लंगड्या पायानं, टोपी न हलू देता. अस्वलही वाया गेलं नाही. ते त्यांनी भलत्याच सिनेमाच्या रिळाला जोडलं, म्हणजे कोणी दोन गोष्टी एकत्र मांडून हिशेब करू नये. महागू दोन्ही गोष्टींना मान डोलवायचा. गुणाकररावांना वाटायचं, माणूस मोठा मनाचा, आपली अब्रू राखतो.

तो भाग पुढे कुठे म्हणता कुठे मिळेना. तेव्हा रूपालीनं गुणाकररावांच्या तोंडून ऐकून त्याचं परीक्षण वहीत लिहून घेतलं. दहापैकी दहा. शेजारी ‘साक्षीदार: गुणाकरराव’.

आणि एका बुधवारी श्रुतिका पोहे खाता खाता म्हणाली, “आबा, वो सातवाँ मिल गया. कोणीतरी म्हाताऱ्यानं लंडनमध्ये माळ्यावरून काढला न् नेटवर टाकला. संडेला बघू.”

गुणाकररावांचा घास तिथेच राहिला. वही गेली तर जाऊ दे, पण रविवार? रविवारी चार वाजता त्या बैठकीत आपली खुर्ची नसेल, दार लावून आतल्या खोलीत बसायचं आणि भिंतीपलीकडून पेनरोचं बोलणं ऐकायचं, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

गुरुवारी त्यांनी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून तांदळाच्या डब्यात पुरले. शुक्रवारी स्वतःच काढून परत घातले. कारण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती भीतीपेक्षा जुनी होती. तो माणूस त्या जिन्यावरून उतरला कसा? होडी, रेल्वे, सगळं त्यांचं. खरं त्यांनाही माहीत नव्हतं; पहिल्या कॉलनीत विचारलं असतं तर न पाहिल्याचं उघडं पडलं असतं. रात्री पाठ टेकली की पन्नास वर्षं तो लंगडा त्यांच्या डोक्यात त्याच पायरीवर उभा होता. कोणी नसताना गुपचूप पाहून घ्यावं असंही मनात आलं. पण एकट्यानं पाहून भांडायचं कोणाशी?

शनिवारी ते टेम्पोनं भरवेलीला गेले. महागू अंगणात सायकलची चेन तेलानं पुसत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर गुणाकररावांनी सहज म्हणून विचारलं, उद्या येतोस का.

“येतो ना, बाबूजी,” महागू म्हणाला. “हा भाग त मले पाहाचाच हाय.”

“तुले काय पाहाचं हाय त्यात?”

महागूनं चेन फिरवून पाहिली. “एक गोष्ट अडकून राह्यली हाय,” एवढंच बोलला.

रविवारी चौघं बसले. चित्र सुरू झालं आणि गुणाकररावांना सगळं ओळखीचं दिसायला लागलं: बंदरावरचं धुकं, कचेरीतला घंटेचा खांब, पेनरोचा ओढत नेलेला पाय. रूपाली वहीत टिपणं काढत होती. तिचं म्हणणं, पेनरो लंगडतो मात्र फार पक्का. एकदासुद्धा पाय बदलत नाही, घाईतही नाही. महागू पुढे झुकून नुसता तो पायच पाहत होता. मग तो जिना आला. खाली चार, वर एक. श्रुतिकानं चित्र थांबवलं.

सुनंदाबाई चहा घेऊन आल्या. रूपालीनं तीन चिठ्ठ्या फाडल्या, एक श्रुतिकाला दिली, एक महागूला, एक स्वतःला. गुणाकररावांपुढे रिवाजाप्रमाणे कप आला. आता नुसतं गालात हसायचं होतं. दहा मिनिटांनी खरा शेवट दिसला असता, तरी ‘विलायतवाल्यांनी कापला’ म्हणून सांगायला त्यांना जड नव्हतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण मग ते दहा मिनिटं अंदाज न बांधता बसणार होते. ज्या पायरीवर त्यांनी पन्नास वर्षं काढली, तिथे बाकीचे तिघं आता पोचत होते, आणि यांनीच तेवढं बाहेर उभं राहायचं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला.

“मलेबी एक चिठ्ठी दे.”

रूपालीला वाटलं चेष्टा आहे. “काका, तुम्ही पाहिलाय ना हा.”

“नाही पाह्यला. तिसरं रीळ आलंच नव्हतं.”

सुनंदाबाई ट्रे धरून दारातच थांबल्या. ती रेल्वे त्यांनी लग्नांत ऐकली होती, बारशांत ऐकली होती, जावयासमोरही ऐकली होती. “मंग ते रेल्वे?” त्यांनी विचारलं.

“रेल्वे मी आणली.”

श्रुतिका हसायला लागली आणि रूपालीचा चेहरा पाहून थांबली. रूपालीनं वहीचं पहिलं पान उघडलं, हिरव्या शाईतलं वाक्य मनातल्या मनात वाचलं, पान मिटलं. मग चौथी चिठ्ठी फाडून त्यांच्यापुढे ठेवली. नियमाचं मागून बघू म्हणाली, आधी लिहा.

गुणाकररावांनी पेन उघडलं. होडी नको, रेल्वे नको. बराच वेळ कागदाकडे पाहत बसले, चहावर साय धरली, तेव्हा दोन ओळी लिहिल्या आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

चित्र पुढे सरकलं. पेनरो जिन्याच्या वळणावर थांबला, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि घाई नसल्यासारखा पायरीवर बसला. डाव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला, उलटा केला. त्यातून एक खडा पडला, हरभऱ्याएवढा. इतके दिवस तो बुटात खडा घालून चालत होता, म्हणजे लंगडायला विसरायला नको. त्यानं खडा खिशात टाकला, बूट चढवला, उठला. कचेरी सुटल्याची घंटा झाली. कारकुनांचा लोंढा जिन्यावरून उतरला आणि पेनरो त्यात ताठ, सरळ पावलं टाकत चालत गेला. दारातली चार माणसं प्रत्येकाच्या पायांकडे पाहत होती. त्याच्या पायांकडेही पाहिलं. एकानं तर बाजूला होऊन वाट दिली.

संपलं. एक गोळीसुद्धा नाही.

महागूनं मांडीवर हलकेच थाप मारली आणि स्वतःशीच म्हणाला, “असं होय.”

रूपालीनं डबा उघडला. तिची चिठ्ठी: पोलीस येतात. श्रुतिकाची: ऊपरवाला आदमी उसका दोस्त है. तिसरी गुणाकररावांची: ‘ठाऊक नाही. पण माणूस सुटावा.’ ती वाचताना रूपालीचा आवाज थोडा मऊ झाला. चौथी वाकड्या अक्षरांत होती: ‘सायब बूट काढते.’

तिघांच्या माना महागूकडे वळल्या.

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “अस्वल नव्हतं, बाबूजी. नाल्यापाशी सायकल घसरली, डबा उघडला, रीळ पार रानात पसरलं. मी खाणीतला दिवा लावून गुंडाळत बसलो. गुंडाळता गुंडाळता एक चित्र उजेडात आलं. सायब पायरीवर बसून बूट काढून राह्यला होता. आता मारणारे आले त्याच्या उरावर, न् हा बूट काहून काढून राह्यला? कोणाले विचारलं असतं त रीळ उघडल्याचं कळलं असतं. पन्नास वर्सं मी हेच धरून बसलो.”

गुणाकररावांनी ते अस्वल निवृत्तीच्या भाषणात सांगितलं होतं. त्याला दोन पिल्लंही दिली होती.

“मंग सांगतलं काहून नाही बे इतके वर्सं?”

“तुम्ही होडी सांगतली. मंग रेल्वे सांगतली. त्यात बूट कुठं बसवू मी? अन् तुम्ही माह्यं अस्वल गावभर सांगत होते, मले वाटे मले वाचवून राह्यले.”

सुनंदाबाई खुर्चीत बसून पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून.

रूपाली मात्र हसली नाही. वही काढली, पट्टी काढली. श्रुतिका म्हणाली की दीदी, छोड़ो ना, अब तो सच बोल दिया. रूपालीनं सांगितलं, नियम काकांचाच आहे. सभासदांच्या यादीत पहिल्या नावावर तिनं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. गुणाकररावांनी ती रेघ पाहिली आणि मान हलवली. रेघ चांगली आली होती, कचेरीत चालली असती. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला घेतलं.

“बसा,” रूपाली म्हणाली. यादीच्या तळाशी तिनं एक ओळ वाढवली आणि वही त्यांच्यापुढे फिरवली. ‘गुणाकरराव, नवीन सभासद, आजपासून.’ मग तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं. तोही त्यांचाच, श्रुतिका मंडळात आली तेव्हा केलेला: नव्या सभासदानं चार रविवार कप धुवायचे आणि परीक्षणात पहिलं बोलायचं.

सुनंदाबाईंनी ट्रे उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

रूपालीनं सातव्या भागाचं जुनं पान खोडलं, नवीन उघडलं. साक्षीदाराच्या जागी काय लिहू म्हणून विचारलं. गुणाकरराव म्हणाले, लिही, स्वतः पाहिला. मग खड्याविषयी बोलले, त्या वाट देणाऱ्या माणसाविषयी बोलले, आणि एक शब्दही वाढवला नाही. महागू मान डोलवत ऐकत होता.

“गुण?” रूपालीनं विचारलं.

गुणाकररावांनी विचार केला. “सात.”

“इतका चांगला भाग, तीन कशाचे कापले?”

“रेल्वे नाही त्यात,” गुणाकरराव म्हणाले, आणि कप गोळा करायला लागले.