सोनेरी ट्रम्पेट

चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून एक गृहस्थ निवृत्त होत होते आणि त्यांच्या लेकीला निरोपाच्या कार्यक्रमासाठी ट्रम्पेटच्याच आकाराचा केक हवा होता. ऑर्डर आली केकवालीकडे. गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखत. "पिवळं नको हं, सोन्यासारखं चमकलं पाहिजे," असं लेकीने बजावलं होतं आणि केकवालीने बेधडक हो म्हणून टाकलं होतं.

आकार कापणं तिच्या हातचा मळ. केकवर फॉन्डंट म्हणजे साखरेचा लाटलेला पांढरा थर चढला, बोटांनी दाबायच्या तिन्ही कळा बसल्या. घोडं अडलं ते रंगावर. खाण्याची सोनेरी पूड तिने पाण्यात कालवली आणि ब्रशने लावली. लगेच ओघळ आले, साखर चिकट झाली आणि मधूनमधून पांढरं डोकावू लागलं. कावीळ झालेला नळ दिसावा, तसं ट्रम्पेट दिसत होतं. कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता आणि घड्याळात दहा वाजले होते.

पाणी प्यायला आलेल्या सासूबाई ओट्याशी थबकल्या. केक म्हणजे साखरेची खेळणी, असं त्यांचं मत होतं आणि एरवी त्या या पसाऱ्यात पाऊल टाकत नसत.

"पांढऱ्यावर लावलंस होय?" त्यांनी विचारलं.

"मग कशावर लावू, आई?"

"तपकिरीवर. नाटक कंपनीत तीसेक मुकुट रंगवलेत मी. खाली गडद रंग असला की वरचं सोनं उठून दिसतं. आणि पाणी कशाला घातलंस? आम्ही स्पिरिट घालायचो. लावलं की उडून जायचं."

"अहो आई, हे लोकांना खायचंय."

"ते तू बघ. उडून जाणारं काहीतरी शोध."

केकवालीने कपाट धुंडाळलं. मागच्या फळीवर केकच्या वासासाठी आणलेली, अल्कोहोलमध्ये बनवलेल्या लिंबाच्या अर्काची बाटली होती. तिने थेंबभर अर्क मनगटावर लावला, फुंकर मारली. क्षणात जागा कोरडी. ती हसली आणि मग सासूबाईही हसल्या.

जुना थर सोलून काढला. नव्या फॉन्डंटमध्ये जळक्या साखरेसारखा तपकिरी रंग मळला. सासूबाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि ब्रश स्वतःच्या हातात घेतला. "पातळ हात द्यायचा. वाळू द्यायचा. मग दुसरा." केकवाली पुठ्ठ्याने वारा घालू लागली. पहिल्या हाताला काहीच दिसेना. दुसऱ्या हाताला कड उजळली. तिसरा हात वाळला आणि खिडकीतला उजेड ट्रम्पेटच्या तोंडावर पडून लखलखला. खाचांमध्ये सासूबाईंनी मुद्दाम तपकिरी राखलं होतं. त्यामुळे नळ्या खरोखर वळल्यासारख्या वाटत होत्या.

"तुम्ही हे सोडलंत कशाला?" केकवालीने विचारलं.

"कंपनी बंद पडली. मग कुणी विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा कडेवर वाकल्या.

संध्याकाळी दोघींनी हॉलमध्ये केक टेबलावर ठेवला. वादक गृहस्थ जवळ आले, वाकून पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून कडेवरचा बोटाचा डाग पुसायला गेले. लेकीने घाईने त्यांचा हात धरला. "बाबा, केक आहे तो." तसे ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. सुरी हातात दिली तर कापवेना. शेवटी ढोलवाल्यानेच पहिला तुकडा पाडला.

पाच मिनिटांत अख्ख्या बँडचे ओठ सोनेरी झाले. त्याच ओठांनी सगळे वाजवायला उभे राहिले, पण एकमेकांकडे बघून कुणाला फुंकता येईना. दोनदा सुरुवात फसली. तिसऱ्यांदा निवृत्त होणाऱ्या त्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले आणि सूर असा खणखणीत लागला की बाकीच्यांना त्यामागोमाग वाजवावंच लागलं.

एका बाईंनी विचारलं, "हे रंगवलं कुणी?" केकवालीने सासूबाईंकडे बोट दाखवलं. पुढची दहा मिनिटं सासूबाई हातवारे करून अनोळखी माणसांना मुकुट समजावून सांगत होत्या.

घरी चालत येताना केकवालीच्या लक्षात आलं की सासूबाईंच्या वरच्या ओठावर सोनेरी मिशी उमटली आहे. वाटेत दोन शेजारणी भेटल्या, दुकानदाराने नमस्कार केला. सासूबाई सगळ्यांशी ऐटीत बोलत होत्या. केकवालीने घरच्या दारापर्यंत काही सांगितलं नाही.